टोपीवर बसेल असा हेडफोन

अप्पा आमच्यापासून काहीतरी लपवताहेत, असा संशय मला पहिल्यांदा मास्कच्या दिवसांत आला.

तोवर आमच्या घरात वडिलांच्या कानांचा विषयच नव्हता. सगळी हयात यंत्रमागावर गेलेला माणूस जरा मोठ्यानं बोलणार, टीव्ही मोठा लावणार, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. पण सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले आणि अप्पा एकाएकी तुसडे झाले. दूधवाल्यानं काही विचारलं की दुसरीकडे बघायचे. शेजारच्या काकू दारातून हाक मारायच्या, तर नुसती मान हलवून आत यायचे. "तुमच्या वडलांना काय शिष्टपणा चढलाय का ओ?" असं काकूंनी मला जिन्यात विचारलंसुद्धा. मग मास्क गेले आणि अप्पा पुन्हा पहिल्यासारखे झाले. हे मला खटकलं. तोंडावरच्या फडक्याबरोबर माणसाचा स्वभाव येतो आणि जातो कसा?

उत्तर मला खरं तर लहानपणापासून माहीत होतं. मी आईबरोबर गावी, मैंदर्गीला राहून शिकले. अप्पा सोलापुरात, कारखान्याजवळच्या खोलीत. सुट्टीत आम्ही एसटीनं यायचो तेव्हा मी कारखान्याच्या दारात उभी राहून आत बघायचे. माग चालू असले की आत कानाशी ओरडलेलंही कळत नाही. त्यामुळे तिथली माणसं आवाजच काढत नाहीत. ओठ मोठे करून हलवतात, भुवया उडवतात, बोटं नाचवतात. अप्पा या टोकाला आणि त्यांचा जोडीदार त्या टोकाला, आणि मध्ये सगळा खडखडाट असताना दोघांची चेष्टामस्करी चाललेली असायची. जोडीदारानं ओठ हलवले की अप्पा खदखदून हसायचे. ते हसणंही दिसायचं, ऐकू यायचं नाही.

म्हणजे अप्पा घरातही आमचे ओठ वाचत होते. किती वर्षांपासून, कुणास ठाऊक.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक आवाज बरेचसे गेलेत, जाड आवाज येतात, असं निघालं. जवळून आणि स्वच्छ बोललं तर समजेल, म्हणाले. कानात मात्र काही घालायचं नाही, कापसाचा बोळासुद्धा नाही, कारण एक कान मधूनमधून वाहतो. त्यावर कानाच्या मागच्या बाजूला बसणारं मशीन आहे, असं त्यांनी सांगितलं. अप्पांनी डॉक्टरांचे ओठ नीट वाचले आणि हात जोडले.

"ते नगं, साहेब. मग लोक कानाकडं बघून बोलत्यात. मानसाकडं कोन बघत न्हाय."

तो विषय तिथंच संपला. संपला असताही, पण मधे धाकटी होती.

माझी धाकटी बहीण पुण्याला नोकरी करते. आत्यानं आणलेलं स्थळ तिनं नाकारलं आणि पुण्याला गेली. तेव्हा अप्पा "तुझं तू बघ" एवढंच म्हणाले होते. ती रविवारी फोन करते. फोनवर ओठ दिसत नाहीत. अप्पा फोन कानाला लावायचे, "बरं हाय, बरं हाय" म्हणायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "घे, आक्काशी बोल." व्हिडिओ कॉल करून पाहिला. आमच्याकडे नेट अडकतं, तिचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. अप्पा म्हणायचे, "हिचं तोंड मिटंना बघ." आणि उठून जायचे.

"आक्का, खरं सांग," ती एकदा म्हणाली. "अप्पा अजून माझ्यावर चिडूनच आहेत ना?"

"अगं, कान गेलेत त्यांचे."

"माझ्यापुरतेच कसे गेले? तुझ्याशी तर गप्पा मारतात."

मी तिला ओठांचं सांगितलं. तिला ते पटलं नाही. मी मध्ये पडून सारवासारव करतेय, असंच तिला वाटलं. "पुढच्या सुट्टीत यायचं का ते बघते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्या 'बघते'ची मला भीती वाटली. आमच्या घरात न येणारी माणसं आधी 'बघते' म्हणतात.

तिचा आवाज अप्पांच्या कानापर्यंत पोचवायचा तर आता हेडफोन हाच मार्ग होता. कानात न जाणारा, पण सबंध कानावर बसणारा, म्हणजे शेजारच्या कारखान्याचा आवाज बाहेर राहील. आणि बिनवायरचा. वायरीचा एक मी ऑफिसातून मागून आणला होता, त्याला अप्पांनी हातही लावला नव्हता. मागावर काम केलेला माणूस अंगावर लोंबतं काही ठेवत नाही. उपरण्याचं टोक मागात गेल्यामुळे काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं होतं.

मी घरातली पहिली पदवीधर. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात कारकून आहे. शिकलेल्या माणसानं वस्तू घेताना आधी वाचावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या घरात छापलेल्या अक्षराला मान आहे. अप्पा औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा फेकू देत नाहीत. तर मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचायला लागले, आणि जसजशी वाचत गेले तसतसा माझा विश्वास उडत गेला. कुठलाही हेडफोन उघडा, त्याखाली लोक खूश. 'आवाज एकदम स्वच्छ, कानाला मऊ, दिवसभर घातला तरी कळत नाही.' एकाच वाक्यातले शब्द फिरवून शंभरजण बोलताहेत असं वाटावं. निंदा करणारेही होते, पण त्यांचं भांडण खोका फाटका आल्याबद्दल. चष्मा घालणाऱ्याला टोचतो का, हे एकानं लिहिलं होतं. टोपी घालणाऱ्याबद्दल कुणीच नाही. अप्पांची पांढरी टोपी झोपताना तेवढी उतरते. हेडफोनची पट्टी डोक्यावरून जाते. मग ती टोपीवर बसणार की टोपी चुरगाळणार, हे त्या सगळ्या खूश लोकांपैकी एकालाही विचारता येत नव्हतं.

कार्यालयातले एक सहकारी म्हणाले, "मॅडम, बेस बघा. बेस भारी असला की झालं." बेस म्हणजे जाड आवाज. अप्पांना तोच तर आधीपासून येतो. मला बारीक हवा होता. त्यांच्याही सल्ल्यावर मी मनातल्या मनात फुली मारली.

शेवटी अप्पांनाच घेऊन सोलापुरातल्याच नवी पेठेतल्या एका दुकानात गेले. अप्पांनी धुतलेली टोपी घातली होती. दुकानात जाड आवाजाचं गाणं लावलेलं होतं. मला तिथूनच शंका. ज्या दुकानात इतका दणका आहे तिथं कुठला हेडफोन वाईट वाजेल? विक्रेता तरुण होता, उत्साही आणि बोलका. त्यानं काचेवर एक पांढरा आणि एक काळा हेडफोन ठेवला.

"दोन्ही ओरिजिनल ओ ताई. सील बघा."

मी सील पाहिलं. सील चिकटवायला काय लागतं, असं मनात आलं.

"काका, टोपी काढा की जरा."

अप्पांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि टोपी दोन्ही हातांनी घट्ट केली. "टोपी ऱ्हाऊ दे. वरनंच लाव."

पोरानं पांढरा टोपीवरून बसवला आणि ढोलाचं काहीतरी लावलं. अप्पांनी मान डोलावली. "चांगलं हाय."

"बघा ताई! काका खूश!"

मला हे 'चांगलं हाय' ओळखीचं होतं. जेवण खारट झालं तरी अप्पा हेच म्हणतात. मी पोराला म्हटलं, गाणं नको, माझ्या मोबाइलवरून माझ्या बहिणीचा आवाज लावायचाय. त्यानं माझा मोबाइल पांढऱ्याला जोडून दिला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, म्हणून तो घाईनं म्हणाला, "काळा पण बघून घ्या की, त्याचा आवाज लई क्लिअर आहे." त्यानं पांढरा काढून काचेवर ठेवला आणि अप्पांच्या डोक्यावर काळा चढवला. मी धाकटीचा जुना निरोप लावला. छोटासाच होता: आक्का, अप्पांना विचार, गुडघ्याचं तेल संपलं का, मी इथून पाठवते.

अप्पा काळा लावून समोर बघत उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी मान डोलावली. ओठांवर हसू आणलं. "लई चांगलं हाय," म्हणाले.

आणि त्याच वेळी, दुकानातलं एक गाणं संपून दुसरं लागायच्या मधल्या क्षणात, मला काचेवरून धाकटीचा आवाज ऐकू आला. अगदी बारीक, डबीत किडा असावा तसा. काचेवर पडलेल्या पांढऱ्या हेडफोनमधून ती विचारत होती, गुडघ्याचं तेल संपलं का.

मोबाइल अजून पांढऱ्यालाच जोडलेला होता. अप्पांच्या कानावरचा काळा बंद होता. आणि अप्पा मान डोलावत होते.

मला राग आला. पोराचाही आला, यानं मुद्दामच केलं असं एक क्षण वाटलं. पण जास्त अप्पांचा. माझा सगळा संशय खरा निघाला होता. हा माणूस कुणालाही काहीही चांगलं म्हणेल. मी ऊर फुटेस्तोवर हिंडावं, वाचावं, आणि यांनी बंद वस्तूला मान डोलवावी. धाकटीला हे असंच 'बरं हाय, बरं हाय' ऐकावं लागतं. उद्या मी काय म्हणतेय तेही यांना कळत नसेल आणि हे असेच हसत असतील.

"चहा घेऊ," मी म्हटलं. पोराला सांगितलं, येतो परत. त्याला ते खोटं वाटलं असणार. परत येतो म्हणणारी गिऱ्हाइकं त्यालाही ओळखीची असतील.

समोरच्या टपरीवर अप्पांनी चहा बशीत ओतला. मी त्यांच्या बरोबर समोर बसले, ओठ दिसतील अशी. वकिलानं साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं.

"अप्पा, त्या काळ्यात काय ऐकू आलं?"

"धाकटी बोलत हुती की."

"काय म्हणाली?"

"काय म्हननार? बरी हाय म्हनली."

"अप्पा, ते बंद होतं."

अप्पांची बशी ओठांजवळ थांबली. त्यांना माझे ओठ नीट वाचता आले नाहीत असं वाटून मी पुन्हा सांगितलं. काळा बंद होता. मोबाइल पांढऱ्याला जोडलेला राहिला. तुमच्या कानावर काहीच वाजत नव्हतं.

"बंद हुतं?"

"हो."

"म्हंजी तुला बी काय ऐकू आलं नसतं? त्यात?"

"कुणालाच आलं नसतं."

त्यांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, संपलं."

"काय संपलं?"

"ते डॉक्टर म्हनले न्हवते का, बारीक आवाज गेल्यात. आधी ढोल लावला पोरानं, तो आला. मग तू म्हनलीस धाकटीचा लावते. तर काईच आलं न्हाय. मी म्हनलं, ढोल ऐकू येतोय आन् पोरीचा आवाज तेवढा गेला. आता काय तो यायचा न्हाय."

"मग चांगलं हाय कशाला म्हणालात?"

"तुझं तोंड केवढंसं झालं असतं, बाई. दुकानात."

मी इतके दिवस त्या माणसाच्या प्रत्येक मान हलवण्यावर पाळत ठेवून होते. आणि तो माणूस आत्ता समोरच्या दुकानात, आपल्या मुलीचा आवाज कायमचा गेला असं समजून, माझ्याकडे बघून हसला होता. माझी फी ज्या खडखडाटातून आली, त्याच खडखडाटानं ते कान खाल्ले, हे मला पाठ आहे. समारंभात कुणी बोलायला सांगितलं तर मी तसं सांगतेही. पण ते पाठ असणं वेगळं आणि त्या बशीसमोर बसणं वेगळं.

अप्पांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "ऊठ," म्हणाले. "वाजतंय का बघू."

आम्ही परत गेलो तेव्हा विक्रेता खरंच चकित झाला. मी त्याला झालेलं सांगितलं. त्यानं जीभ चावली, "सॉरी ओ काका," म्हणाला, आणि या वेळी जोडल्यावर आधी स्वतःच्या कानाला लावून खात्री केली. नंतर मीही केली. त्याची खात्री झाली तरी माझी होत नव्हती.

पांढरा टोपीवर चढला. मी निरोप लावला. अप्पा डोळे मिटून उभे राहिले. डोळे मिटून! ओठ वाचणारा माणूस बोलणं ऐकताना डोळे मिटत नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"अर्धी बाटली हाय अजून," अप्पा मोठ्यानं म्हणाले. "कशाला पाठवती?"

विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला काही कळलं नाही. मला कळलं. अप्पांनी हेडफोनला चांगलं म्हटलं नव्हतं, तेलाचं उत्तर दिलं होतं.

त्यानंतर अप्पांनी त्या पोराचा घाम काढला. पांढऱ्यात पोरगी पिंपात बसून बोलल्यासारखी वाटते म्हणाले. काळ्यात स्वच्छ येतं, पण तो कानशिलं आवळतो, टोपी पुढं डोळ्यावर येते. पोरानं आतून एक तिसरा आणला, करड्या रंगाचा, गाद्या जरा मोठ्या असलेला. त्याचं नाव मी वाचलेल्या एकाही यादीत नव्हतं. मी लगेच सावध झाले.

"हा का बाहेर ठेवला नव्हता?"

"याला बेस कमी आहे ओ ताई. पोरं घेत नाहीत."

अप्पांनी तो टोपीवर बसवून घेतला. पट्टी सैल केली, मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, खाली वाकून बघितलं. टोपी हलली नाही. निरोप पुन्हा ऐकला. मी श्वास धरून 'चांगलं हाय'ची वाट बघत होते, म्हणजे मला त्यावर संशय घेता आला असता.

"डाव्या बाजूला उलीसं कमी येतंय," अप्पा म्हणाले. "पन तो कानच तसला हाय. हे घे."

तक्रारीसकट आलेला तो होकार मला खरा वाटला. तरी मी म्हटलं, निरोप वेगळा आणि जिवंत बोलणं वेगळं. इथूनच फोन लावू. पोरानं मान डोलावली आणि दुकानातलं गाणं आपणहून बंद केलं.

धाकटीनं फोन उचलला. तिला मी काही सांगितलं नाही. मोबाइल माझ्या हातात होता आणि आवाज अप्पांच्या कानात, त्यामुळे ती काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. मला फक्त अप्पा दिसत होते. आता चेहरा वाचायची पाळी माझी होती.

"व्हय, मीच बोलतोय," अप्पा म्हणाले. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ते कारखान्यात बोलावं तसं बोलत होते. साऱ्या दुकानानं माना वळवल्या. "न्हाय, आक्का बाजूला हाय. तू बोल... कुठं? ... जेवलीस का? ... बाहेरचं खाऊ नगं."

मग ते नुसते ऐकत राहिले. टोपीखालचं कपाळ आक्रसलं. धाकटीनं काय विचारलं असेल ते मी ओळखलं. ती तेच विचारत आलेली होती.

"राग?" अप्पा म्हणाले. "कसला राग? कवाचा राग?" त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या पोराकडे, आणि दाराशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसांकडे. डॉक्टरांपुढे न बोललेलं, शेजाऱ्यांना न सांगितलेलं, आईलाही न सांगितलेलं ते वाक्य त्यांनी नवी पेठेत भर दुपारी ओरडून सांगितलं.

"मला ऐकू येत न्हाय गं! लई वर्सं झाली. तू बोलायचीस, मला काय बी कळायचं न्हाय. म्हनून बरं हाय, बरं हाय म्हनायचो. आता येतंय. आता बोल तू."

कुणी हसलं नाही. पोरगा काचेवरचा पांढरा हेडफोन उगाच पुसत राहिला.

अप्पा वाट बघत उभे होते. पलीकडून काही येत नसावं. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबला, मग जरा सैल केला. चेहऱ्यावर ती मघाची भीती पुन्हा उमटायला लागली. मी मोबाइलकडे पाहिलं. कॉल चालू होता, सेकंद पुढं सरकत होते. धाकटी फोन धरून होती, फक्त तिला बोलता येत नव्हतं.

या वेळी अप्पांनी मान डोलावली नाही. हसलेही नाहीत. माझा दंड धरला आणि विचारलं, "बंद पडलं का काय गं हे?"

मी त्यांच्या समोर झाले, ओठ नीट दिसतील अशी.

"चालू आहे, अप्पा," मी म्हटलं. "ती आहे. थांबा जरा."

अप्पा थांबले.